प्रयोगशाळेतली प्रत्येक बाटली सापडावी म्हणून

उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये रॅक असतात, रॅकमध्ये पुठ्ठ्याचे चौकोनी बॉक्स, आणि बॉक्समध्ये बहुधा नऊ ओळी, नऊ रकाने, म्हणजे ८१ ट्यूबची जागा. असे दोनशे बॉक्स भरले की सोळा हजारांवर ट्यूब होतात. त्यातल्या एखाद्या ट्यूबवर पीएचडी संपवून गेलेल्या कुणीतरी मार्करने ‘पी ४ नवीन’ एवढंच लिहून ठेवलेलं असतं. ती कशाची, कधीची, जपायची की टाकायची, हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं तिथेच राहते. दुसरीकडे, कपाटात मागे ढकलली गेलेली न उघडलेली बाटली कुणाला दिसत नाही, म्हणून तोच पदार्थ पुन्हा मागवला जातो. बाहेरून येणारी ॲन्टिबॉडी हातात पडायला आठवडे लागतात, पैसे ग्रँटमधून जातात आणि काम मात्र अडून राहतं.

बहुतेक लॅबमध्ये यावर आधी वही येते, मग एक्सेलची फाइल, आणि मग त्याच फाइलच्या पाच प्रती पाच जणांच्या लॅपटॉपवर. कुठली खरी ते कुणालाच ठाऊक नसतं. वेबवर चालणारी साठ्याची प्रणाली बनवायची ती या टप्प्यावर. नोंद एकाच ठिकाणी, सर्व्हरवर राहते. बघणारे आणि भरणारे आपापल्या फोनवरून किंवा लॅबच्या संगणकावरून ब्राउझर उघडून काम करतात. ती आतून कशी रचायची, हे पुढे सांगतो आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी हे वाचता येईल. ज्या निर्णयांवर अशी प्रणाली टिकते किंवा बंद पडते, त्यातले बरेचसे कोड लिहिण्याआधीच घ्यावे लागतात आणि ते लॅबमध्ये रोज काम करणाऱ्यांनीच घ्यायचे असतात.

पदार्थ वेगळा, बाटली वेगळी

ग्रंथालयात एखाद्या कादंबरीचं नाव, लेखक, प्रकाशक ही माहिती एकदाच नोंदवतात, पण तिच्या चार प्रती असतील तर प्रत्येक प्रतीला वेगळा दाखल क्रमांक देतात. वाचकाच्या नावावर लागते ती कादंबरी नव्हे, प्रत. लॅबचंही तसंच आहे. ‘ॲसिटोनायट्राइल, एचपीएलसी ग्रेड’ (एक अतिशुद्ध द्रावक) हा पदार्थ. त्याची अडीच लिटरची, अमुक लॉट नंबरची, १२ जूनला आलेली आणि ३ जुलैला उघडलेली बाटली ही वेगळी गोष्ट.

एक्सेलमध्ये हे दोन्ही एकाच ओळीत कोंबले जातात आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. तीन बाटल्या असल्या की लोक संख्येच्या रकान्यात ३ लिहितात. मग त्यातली एक उघडलेली, एक शेजारच्या लॅबला उसनी दिलेली आणि एकीची एक्सपायरी गेलेली, हे लिहायला जागाच उरत नाही.

डेटाबेसमध्ये म्हणून निदान पाच तक्ते लागतात: पदार्थ, बाटली (किंवा ट्यूब, व्हायल, डबा), जागा, व्यक्ती आणि घटना. बाटलीच्या तक्त्यात पदार्थाचं नाव पुन्हा लिहायचं नाही, फक्त पदार्थाचा क्रमांक ठेवायचा. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेली रिलेशनल डेटाबेसची कल्पना नेमकी इथे उपयोगी पडते. एक माहिती एकाच ठिकाणी लिहायची आणि बाकी सगळीकडून तिच्याकडे निर्देश करायचा. पदार्थाच्या नावातली चूक एकदा सुधारली की सगळ्या बाटल्यांवर आपोआप सुधारते.

पदार्थ नेमका कुठला, हे ठरवायला नाव पुरत नाही. कुणी सोडियम क्लोराइड लिहितं, कुणी नुसतं सूत्र, कुणी मीठ. त्यासाठी सीएएस क्रमांक वापरायचा. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसने प्रत्येक रासायनिक पदार्थाला दिलेला हा क्रमांक बाटलीवर छापलेलाच असतो. मोरचुदाचं उदाहरण बघा. निर्जल कॉपर सल्फेटचा क्रमांक ७७५८-९८-७ आणि पाण्याचे पाच रेणू धरून असलेल्या निळ्या कॉपर सल्फेटचा ७७५८-९९-८. लेबल लांबून पाहिलं तर दोन्हीवर कॉपर सल्फेट. पण एका मोलचं वजन पहिल्याचं सुमारे १६० ग्रॅम आणि दुसऱ्याचं सुमारे २५० ग्रॅम. चुकीची बाटली उचलून द्रावण बनवलं तर त्याची तीव्रता दीडपटीच्या फरकाने चुकते, आणि ते प्रयोग फसल्यावरच कळतं. प्रणालीत हे दोन पदार्थ वेगळे असायलाच हवेत.

या क्रमांकाचा शेवटचा अंक तपासणीचा असतो. ॲसिटोनायट्राइलचा क्रमांक ७५-०५-८ घ्या. शेवटचा ८ बाजूला ठेवा आणि उरलेले अंक उजवीकडून १, २, ३, ४ यांनी गुणा: ५ एके ५, ० दुणे ०, ५ त्रिक १५, ७ चोक २८. बेरीज ४८, तिचा एककाचा अंक ८. जुळला. टाइप करताना एखादा अंक चुकला तर बहुधा हे गणित जुळत नाही आणि प्रणाली तिथल्या तिथे थांबवू शकते. चार ओळींचा कोड आहे, तो जरूर टाका.

जागेचा पत्ता

‘मोठ्या फ्रीजमध्ये’ हा पत्ता नाही. इमारत, खोली, फ्रीजर, खण, रॅक, बॉक्स आणि बॉक्समधलं घर, असा पत्ता लागतो. पण यासाठी सात रकाने करू नका. टेबलाखालच्या ॲसिडच्या कपाटाला रॅक नसतो, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत खणाऐवजी कॅनिस्टर असतो. जागांचा एकच तक्ता करा आणि प्रत्येक जागेपुढे ‘ही कुणाच्या आत आहे’ एवढं लिहा. बॉक्स रॅकच्या आत, रॅक फ्रीजरच्या आत, फ्रीजर खोलीच्या आत. मग कितीही पायऱ्या चालतात. बॉक्स उचलून दुसऱ्या फ्रीजरमध्ये नेला तर फक्त बॉक्सचा पत्ता बदलायचा, आतल्या ८१ ट्यूब त्याच्याबरोबर आपोआप जातात.

एका घरात एकच ट्यूब, हा नियम मात्र डेटाबेसलाच सांगून ठेवायचा. पडद्यावरच्या फॉर्मवर विसंबायचं नाही, कारण दोघं जण एकाच क्षणी तेच घर भरू शकतात.

एवढा नेमका पत्ता कशाला, असं वाटतं तोवरच, जोवर रात्री फ्रीजरचा कॉम्प्रेसर बंद पडत नाही. आतलं तापमान तासागणिक चढत जातं. हाती एक रिकामा फ्रीजर आणि थोडा कोरडा बर्फ असतो, आणि ठरवायचं असतं की आधी काय हलवायचं. रुग्णांचे नमुने, जे पुन्हा मिळणार नाहीत, की बाजारातून पुन्हा विकत घेता येणारं एन्झाइम? त्यासाठी बॉक्सच्या नोंदीत ‘पुन्हा मिळणार नाही’ अशी एक खूण असावी, बॉक्स कुणाचा आहे ते असावं आणि त्यानुसार यादी निघावी. वीजच गेलेली असेल तर सर्व्हरही बंद असण्याची शक्यता आहे. म्हणून ही यादी दर आठवड्याला कागदावर छापून फ्रीजरच्या दारावर लावायची. वेबची प्रणाली असूनही हा एक कागद मी सोडणार नाही.

शिल्लक लिहू नका, घटना लिहा

शिल्लक किती, हा आकडा थेट बदलायची सोय दिली की कुणी कधी आणि का बदलला याचा माग राहत नाही. त्याऐवजी घटना नोंदवायच्या: आली, उघडली, हलवली, उसनी दिली, वाटून ठेवली, संपली, नष्ट केली. प्रत्येक घटनेला वेळ आणि माणूस. आत्ताची स्थिती या घटनांवरून निघते. चूक झाली तर जुनी नोंद पुसायची नाही, दुरुस्तीची नवी नोंद टाकायची. हिशेबनीस हेच करत आले आहेत.

‘वाटून ठेवली’ ही घटना जीवशास्त्राच्या लॅबमध्ये फार महत्त्वाची. शंभर मायक्रोलिटर ॲन्टिबॉडी आली की तिचे दहा-दहाचे ॲलिकोट, म्हणजे छोटे वाटे, करून गोठवतात, कारण तीच ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवली आणि गोठवली की तिची ताकद कमी होते. या दहा ट्यूब म्हणजे दहा नव्या नोंदी, आणि प्रत्येकीला आपली मूळ व्हायल माहीत हवी. पुढे एखादा लॉट खराब निघाला तर त्या व्हायलपासून निघालेल्या सगळ्या ट्यूब एका क्लिकवर दिसतात.

आता नोंद किती बारीक ठेवायची? इथे माझं मत ठाम आहे. दर वेळी किती ग्रॅम घेतलं ते लिहायला लावलं तर महिनाभरात लोक प्रणाली वापरणं सोडतात. एका हातात ग्लव्हज, दुसऱ्या हातात बर्फाचा डबा, समोर पीसीआर लावायची घाई. त्या माणसाकडून दोन टॅपपेक्षा जास्त अपेक्षा करू नये. मीठ, साखर, ट्रिस, ॲगार यांना ‘भरपूर’, ‘संपत आलंय’, ‘संपलं’ या तीन अवस्था पुरतात. मोजमाप कायद्यानेच आवश्यक असेल, जसं राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर घेतलेलं ॲब्सोल्यूट अल्कोहोल किंवा किरणोत्सारी समस्थानिकं, तिथेच मिलिलिटरचा आणि मायक्रोक्युरीचा हिशेब मागायचा. सगळ्यांना एकच काटेकोरपणा लावला की जिथे तो खरोखर हवा तिथेही तो सैल पडतो.

दोघांनी एकाच वेळी शेवटची व्हायल ‘घेतली’ म्हणून दाबलं तर? डेटाबेस अशी कामं एकामागून एक लावतो: पहिल्याचं काम पूर्ण होईपर्यंत ती ओळ कुलूपबंद, दुसऱ्याला ‘आत्ताच संपली’ असं उत्तर. डेटाबेसचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस असो की मारियाडीबी, ही सोय आतच असते, फक्त कोड लिहिणाऱ्याने ती वापरायला हवी.

तारखा जपणं हे सुरक्षेचं काम

एक्सपायरीच्या तारखेइतकीच उघडल्याची तारीख महत्त्वाची, हे नव्या विद्यार्थ्यांना पटकन पटत नाही. डायइथिल ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकांत हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू पेरॉक्साइड तयार होतात. ते साठले की ऊर्ध्वपातन करताना, कधी नुसतं घट्ट बसलेलं झाकण फिरवतानाही स्फोट होऊ शकतो. पिक्रिक ॲसिड ओलं ठेवतात, कारण वाळलं की ते स्फोटक होतं. अशा पदार्थांच्या तक्त्यात ‘उघडल्यापासून इतक्या महिन्यांनी तपासा’ हा आकडा ठेवायचा आणि ‘उघडली’ असं नोंदवताच त्या बाटलीची तपासणीची तारीख आपोआप ठरायला हवी.

त्याच तक्त्यात धोक्याचा गटही हवा: ज्वलनशील, ऑक्सिडीकारक, आम्ल, विषारी. नायट्रिक ॲसिडची बाटली ॲसिटोनच्या कपाटात ठेवतोय असं कुणी नोंदवलं तर प्रणालीने तिथेच हटकावं. धोक्याची माहिती हाताने भरत बसायची गरज नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा पबकेम हा डेटाबेस सर्वांना खुला आहे आणि बऱ्याच पदार्थांची जागतिक पद्धतीने वर्गीकृत केलेली धोक्याची चिन्हं तिथून प्रोग्रॅमने आणता येतात. उद्या आग लागली आणि ‘या खोलीत नेमकं काय आहे’ असं अग्निशमन दलाने विचारलं तर उत्तर एका पानावर तयार असतं.

सूचनांबद्दल एकच सांगतो: प्रत्येक बाटलीसाठी वेगळा मेल पाठवू नका. सोमवारी सकाळी ज्याच्या त्याच्या नावाची एकच यादी जाऊ द्या. रोज वीस मेल आले की कुणी एकही उघडत नाही.

लेबल चिकटलं नाही तर सगळं वाया

प्रत्येक बाटलीला स्वतःचा क्रमांक आणि तो क्यूआर कोडमध्ये. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवायला हा कोड काढला, म्हणजे साठ्याची नोंद हेच त्याचं मूळ काम. त्यात चुका सुधारण्याच्या चार पातळ्या असतात. सगळ्यात वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. लॅबमध्ये ओरखडे आणि डाग पडणारच, त्यामुळे वरची पातळी निवडावी. दीड मिलिलिटरच्या ट्यूबच्या झाकणावर क्यूआर मावत नाही, तिथे त्याहून छोटा डेटा मॅट्रिक्स कोड वापरतात.

कोडमध्ये पदार्थाचं नाव, तारीख, मालक असलं काही भरू नका. फक्त क्रमांक असलेला वेबचा पत्ता ठेवा. माहिती बदलते, चिकटवलेलं लेबल बदलत नाही. हा पत्ता मात्र असा निवडा की पुढे सर्व्हर बदलला तरी तोच राहील, नाहीतर हजारो लेबलं मुकी होतील. कोडशेजारी माणसाला वाचता येईल असा छोटा क्रमांकही छापा, आणि त्यात इंग्रजी ओ आणि आय ही अक्षरं टाळा, कारण ती ० आणि १ या अंकांसारखी दिसतात.

आता लेबलाचा कागद. साधं स्टिकर उणे ८०ला कडक होऊन गळून पडतं. थेट उष्णतेने छापणाऱ्या, पावतीसारख्या कागदावरची छपाई अल्कोहोलने पुसताना जाते. लागतं ते थंडीसाठी बनवलेलं प्लॅस्टिकचं लेबल आणि रेझिन रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर. लेबल कोरड्या, खोलीच्या तापमानाच्या ट्यूबवर लावायचं आणि मग ट्यूब गोठवायची. दव धरलेल्या ट्यूबवर काहीही चिकटत नाही. सॉफ्टवेअर फुकट मिळेल, पण इथे पैसे खर्च करावे लागतात आणि ते करावेत.

जुनी एक्सेल आत आणताना

वर ॲसिटोनायट्राइलचा ७५-०५-८ हा क्रमांक पाहिला. एक्सेलमध्ये तो तसाच टाइप केला तर एक्सेल त्याला ८ मे १९७५ ही तारीख समजू शकतं. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) करून प्रणालीत घातली की पदार्थाच्या जागी तारीख येऊन बसते. जनुकशास्त्रात या त्रासाने हद्द गाठली. ‘मार्च १’ आणि ‘सेप्ट १’ नावाच्या मानवी जनुकांची एक्सेल तारीख करायचं. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच ‘मार्चएफ १’ आणि ‘सेप्टिन १’ अशी बदलली. म्हणून फाइल उघडण्याआधी ते रकाने ‘मजकूर’ प्रकारचे करून घ्या आणि आत आणताना वरची अंकांची तपासणी चालवा. जुळत नाहीत त्या ओळी वेगळ्या काढा आणि प्रत्यक्ष बाटली हातात घेऊन दुरुस्त करा.

खरं तर जुन्या यादीवर फार भरवसा ठेवूच नये. एक फ्रीज निवडा, तो पूर्ण रिकामा करा, पुसा, आणि लेबल लावल्याशिवाय काहीही परत आत ठेवू नका. तो एक नीट चालला की पुढचा. सगळी लॅब एका आठवड्यात नोंदवायचा संकल्प बहुधा तिसऱ्या दिवशी मोडतो.

सर्व्हर आणि बाकीची व्यवस्था

वीस-पंचवीस जणांच्या लॅबला मोठी यंत्रणा लागत नाही. संस्थेच्या जाळ्यावरचा एक लिनक्स संगणक, त्याला यूपीएस, त्यावर पोस्टग्रेस आणि जँगो, म्हणजे पायथन भाषेत वेबची प्रणाली बांधायचा तयार सांगाडा. जँगोमध्ये नोंदी भरण्याचे आणि बदलण्याचे पडदे तयारच मिळतात, त्यामुळे पहिली चालणारी आवृत्ती लवकर उभी राहते. पानं एचटीटीपीएसवरच, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा कूटबद्ध जोडणीवरच द्या: पासवर्डची सुरक्षा आहेच, शिवाय साध्या एचटीटीपीवरच्या पानाला फोनचा ब्राउझर कॅमेरा वापरू देत नाही, मग पानातून स्कॅनिंग होणार कसं? कोल्ड रूमच्या धातूच्या भिंतींमधून वायफाय नीट पोचत नाही, तेव्हा स्कॅन करायची जागा दाराबाहेर ठेवा. बॅकअप रोज रात्री, दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावर, आणि अधूनमधून तो खरोखर परत चढवून पाहायचा.

अधिकारांची उतरंड फार वाढवू नका. घेणं, ठेवणं, हलवणं सगळ्यांना. नवा पदार्थ किंवा नवी जागा तयार करणं दोघा-तिघांना. एक गोष्ट मात्र संस्थेच्या पद्धतीत बसवून घ्या: विद्यार्थी जाताना ‘नो ड्यूज’वर सही घेतो, तेव्हा त्याच्या नावावरच्या ट्यूबची यादी शून्य झाली आहे का, हे आधी पाहायचं. प्रत्येक ट्यूब एकतर दुसऱ्याच्या नावावर, नाहीतर नष्ट.

लेखापरीक्षणाचंही पाहायला हवं. केंद्र सरकारच्या संस्थांना लागू असलेल्या जनरल फायनान्शियल रूल्स, २०१७ मधला नियम २१३ सांगतो की मालमत्तेची आणि वापरून संपणाऱ्या मालाची वर्षातून निदान एकदा प्रत्यक्ष पडताळणी व्हावी. आपल्याकडच्या महाविद्यालयांत डेड स्टॉक रजिस्टर असतंच. फ्रीजरपुढे उभं राहून एकेक कोड स्कॅन केला आणि न सापडलेल्यांची यादी प्रणालीने काढून दिली, तर हे काम पुष्कळ सोपं होतं. पण ऑडिटला सहीचा कागद लागतो, म्हणून रजिस्टरच्याच रकान्यांत छापता येईल असा अहवाल पहिल्यापासून ठेवा.

स्वतः बनवायची की तयार घ्यायची

तयार प्रणाली आहेत आणि चांगल्या आहेत. पॅरिसच्या क्यूरी संस्थेत सुरू झालेली ईलॅबएफटीडब्ल्यू मुक्तस्रोत आहे; प्रयोगांच्या वहीबरोबर साठाही सांभाळते. उपकरणांपुरतं काम असेल तर स्नाइप-आयटी पुरते. रुग्णांचे नमुने, संमतीपत्रं, बायोबँक असा पसारा असेल तर ओपनस्पेसिमेन पाहा. तिचं मूळ अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात घडलेल्या कॅटिश्यू या प्रणालीत आहे आणि आज ती पुण्यातली कृषाग्नी ही कंपनी घडवते.

स्वतः बनवावी ती तेव्हा, जेव्हा तुमच्या लॅबचं काम या कशातच बसत नाही, आणि बनवणारा विद्यार्थी गेल्यावर कोड सांभाळणारं दुसरं कुणीतरी आजच ठरलेलं असतं. दुसरी अट पूर्ण होत नसेल तर तयार प्रणालीच घ्या, थोडी गैरसोय झाली तरी. घेण्याआधी मात्र तिच्यात दहा बाटल्या भरा, मग सगळी नोंद, जुन्या घटनांसकट, सीएसव्हीमध्ये बाहेर काढून पाहा. ती पूर्ण बाहेर आली तरच अकराव्या बाटलीला लेबल लावा.